इयत्ता तिसरी, पहिलं सत्र : काय शिकणार, काय लागणार

माणदेशी_बाई | १८ जून २०२५, रात्री ९.२०

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. सोमवारी शाळा भरली आणि तेव्हापासून पालकांचे फोन चालू आहेत, "बाई, काय काय आणायचं ते एकदाचं सांगून टाका." वर्गापुरतं सांगून झालं. पण भावाची मुलगी पुण्यात आणि नणंदेचा मुलगा कऱ्हाडला, दोघंही तिसरीतच, आणि त्यांच्याही घरी हाच प्रश्न. म्हणून इथे सविस्तर लिहिते. राज्य मंडळाची मराठी माध्यमाची तिसरी डोळ्यांसमोर आहे, आणि दिवाळीपर्यंतचंच लिहिते आहे.

आधी सामान, कारण ते लवकर उरकतं. पुस्तकं विकत घेऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला ती समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मोफत मिळतात. वह्या मात्र यंदा घ्याव्या लागतील. गेली दोन वर्षं पुस्तकातच लिहायची कोरी पानं होती, त्यामुळे वह्या लागत नाहीत असं बऱ्याच घरांत धरून चाललेत. ती पानं या वर्षीपासून बंद झाली. मराठीला एकरेघी, गणिताला चौकटीची, इंग्रजीला चाररेघी, आणि परिसर अभ्यासाला एक पान कोरं, एक पान रेघांचं अशी वही घ्या. सगळ्या शंभर पानी. दोनशे पानी घेतली की वर्षाची काळजी मिटते हे खरं, पण ते वजन रोज पोरांच्या पाठीवर जातं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी दप्तराचं वजन १.७ ते २.५ किलो सांगितलंय. गावात कुणाकडे काटा असेल तर एकदा भरलेलं दप्तर ठेवून बघा.

पेन नको, शिसपेन्सिलच. पट्टी पंधरा सेंटिमीटरची, साधी, सरळ कडेची. बाजारात प्राण्यांच्या आकाराच्या, पाणी भरलेल्या, चकाकणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यांतल्या कितीतरी पट्ट्यांवर शून्याची खूण धड दिसत नाही आणि मूल मोजायला कडेपासून सुरुवात करतं. यंदा लांबी मोजायला शिकायचंय, तेव्हा पट्टीच्या बाबतीत हट्ट पुरवू नका. घरात पाटी असेल तर ती नक्की पाठवा. पाटीवरची चूक पटकन पुसता येते, म्हणून एरवी वहीत लिहायला बिचकणारी मुलंही तिच्यावर धीटपणे लिहितात. गाईड आणि व्यवसायमाला अजिबात आणू नका. दुपारचं जेवण शाळेत आहे. शनिवारी दप्तराविना यायचं.

आता शिकायचं काय ते.

मराठीत या सत्रात भर वाचनावर आहे. निपुण भारत या केंद्राच्या अभियानाच्या लक्ष्यात तिसरीअखेर मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीनं आणि समजून वाचावा असं आहे. त्यातलं 'समजून' माझ्या लेखी मोठं. घरी मोबाइलचं घड्याळ लावून वाचून घेऊ नका. मूल धापा टाकत वाचतं आणि गोष्टीत कोण होतं ते त्याला सांगता येत नाही. वाचायला घरात काही नाही असं पालक म्हणतात. दुधाची पावती आहे, लाइटचं बिल आहे, लग्नपत्रिका आहे, एसटीची पाटी आहे, खताच्या पोत्यावरचा मजकूर आहे. जोडाक्षरं या सगळीकडे भरलेली असतात. लेखनात आम्ही यंदा पाहून उतरवणं कमी करून स्वतःची चार-पाच वाक्यं लिहायला लावणार आहोत. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. सगळ्या लगेच लाल करू नका, मूल लिहायचंच थांबवतं.

गणितात तीन अंकी संख्या पक्क्या करून पुढे जायचंय. मग हातच्याची बेरीज-वजाबाकी आणि गुणाकाराची सुरुवात. इथे थोडं थांबते, कारण तिसरीची गाडी सर्वांत जास्त अडते ती याच ठिकाणी.

४०२ वजा १६५. पहिल्या आठवड्यात हे उदाहरण मी फळ्यावर देते. बरीच मुलं ३६३ लिहितात. नीट बघितलं तर कळतं की उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. चारातून एक गेला, तीन. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य, सहा. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून दोन, तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. या मुलाला 'अरे, हातचा घे' असं दहादा सांगून उपयोग नसतो, कारण हातचा येतो कुठून तेच त्यानं कधी हातात धरून पाहिलेलं नाही. मी खेळातल्या नोटा देते : शंभराच्या चार, सुटे दोन. आता मला १६५ दे म्हणते. मूल दोन सुट्यांकडे बघतं, पाच नाहीत. दहाच्या नोटेकडे हात जातो, तर दहाची एकही नाही. मग शंभराची नोट घेऊन बँक झालेल्या पोरीकडे जातं, दहाच्या दहा आणतं, त्यांतली एक मोडून दहा सुटे आणतं. आता त्याच्यासमोर शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि बारा सुटे पडलेले असतात. मला १६५ देऊन उरतात ते २३७. हे दोन-चार वेळा हातानं केलं की वहीतली वजाबाकी सुधारते. घरी एवढं करा : पोराला दुकानात पाठवा आणि उरलेले पैसे त्यालाच मोजून सांगू द्या. फोनवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून मुलांच्या हातात सुटे पैसे येईनासे झालेत, आणि ते वर्गात जाणवतं.

राहिला परिसर अभ्यास. माझा सर्वांत आवडता विषय, आणि पालकांची खरी गरज आहे ती इथेच. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या पोरांच्या हातात सातारा जिल्ह्याचं पुस्तक असतं, नाशिकच्या पोरांच्या हातात नाशिकचं. दिशा आणि नकाशा, पाणी, अन्न, निवारा, आपलं गाव, सार्वजनिक सोयी असे विषय आहेत. पुस्तकात जिल्हा आहे, पण तुमच्या वाडीची विहीर त्यात नाही. ती कुणी खणली, तिचं पाणी कधी आटतं, टाकी कुठल्या साली झाली, ओढ्याला पूर्वी मासे असायचे का, हे घरातली मोठी माणसंच सांगू शकतात. या सत्रात मी दर आठवड्याला मुलांना एक प्रश्न घरी घेऊन पाठवणार आहे. त्याचं उत्तर वहीत नीट लिहून आलं नाही तरी चालेल, पण घरात त्यावर बोलणं व्हायला हवं.

पावसाचं मोजमापही करणार आहोत. त्यासाठी शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली लागेल, सरळ अंगाची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवायचा. तळ खोलगट असतो म्हणून खडे टाकायचे, खडे बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. स्वतः मोजलेल्या आठ मिलिमीटरशेजारी पेपरातला महाबळेश्वरचा त्याच दिवसाचा आकडा लिहिला की ती गप्प होऊन बघत राहतात. यंदा तर मे महिन्यातच पावसानं आम्हाला झोडपलं, त्यामुळे त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ आहे.

प्रश्न असतील तर विचारा. सवडीनं उत्तरं देईन.

कोथरूडची_आई | १८ जून, रात्री १०.४५

बाई, फार बरं वाटलं वाचून. माझा मुलगा खासगी शाळेत तिसरीत आहे. शाळेनं दिलेली सामानाची यादी दोन पानी आहे आणि वह्या शाळेच्या नावाच्याच, शाळेनं सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायच्या. एकूण खर्च बघून मी रात्री जागी होते. बाहेरून तशाच वह्या घेतल्या तर मुलाला वर्गात उभं करतील की काय अशी भीती वाटते. तुमच्या यादीतल्या सगळ्या वस्तू एका पिशवीत बसतील. शिकवण्यात काही कमी राहतं का हो एवढ्यावर?

माणदेशी_बाई | १९ जून, सकाळी ६.५०

ताई, शिकवण्यात काही कमी राहत नाही. तिसरीच्या मुलाला रोज वाचायला काहीतरी, मोजायला काहीतरी आणि त्याचं बोलणं ऐकून घेणारं कुणीतरी लागतं. महागडी वही यातलं काहीच देत नाही. वस्तू ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. एकटीनं जाऊन भांडू नका. चार-पाच पालक मिळून लेखी विचारा, आणि पत्राची पोच घ्या.

कोरेगावकर | १९ जून, सकाळी ८.०५

आमची धाकटी यंदा तिसरीला. बाई, राग मानू नका, पण गृहपाठाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. आमच्या शाळेत गृहपाठच देत नाहीत. पोरगी साडेचारला येते ती दिवस मावळेपर्यंत अंगणात. आमच्या वेळी तिसरीला तीसपर्यंत पाढे पाठ होते, पहाटे उठवून म्हणून घ्यायचे. हिला बाराचा पाढाही अडखळत येतो. अशानं पुढे शिष्यवृत्तीला कसं व्हायचं?

माणदेशी_बाई | १९ जून, दुपारी १.३०

राग कशाला, बरं झालं विचारलंत. मघाशी सांगितलेल्या त्याच दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं आहे. आठवड्याला, रोज नाही. आठ वर्षांच्या पोरीनं संध्याकाळी अंगणात असावं असंच मला मनापासून वाटतं.

पाढ्यांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. पाढे पाठ हवेतच. दर वेळी बोटं मोजत बसणाऱ्या मुलाला भागाकारात फार त्रास होतो. पण पाठ होण्याच्या आधी पाढा तयार करता आला पाहिजे. साताचा पाढा म्हणताना सात सक बेचाळीस आठवलं नाही, तर पाच साते पस्तीसमध्ये सात मिळवून तिथे पोचता यावं. ज्याला हे जमतं ते मूल मध्येच अडलं तरी पुन्हा वाट काढतं, नाहीतर पहिल्यापासून सगळा पाढा म्हणावा लागतो. या सत्रात दोन ते दहा पक्के करू. तुमच्या मुलीला बारा येतो म्हणजे ती पुढेच आहे.

आज्जी_लोणंद | १९ जून, दुपारी ३.१५

आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणायचो. अजून येतात मला. बाजारात पावणेतीन किलोचे पैसे भाजीवाल्याच्या आधी मी सांगते. मुलांना अर्धा, पाव, पाऊण कधी शिकवतात?

दुसरं म्हणजे नकाशाचं. आता थोड्याच दिवसांत ज्ञानोबांची पालखी आमच्या लोणंदला येईल. नीरा ओलांडली, पादुकांना नीरास्नान झालं की सातारा जिल्हा लागतो. मग लोणंद, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, आणि पुढे सोलापूर जिल्हा. माझ्या नातवाला हे सगळे मुक्काम तोंडपाठ आहेत. शाळेत याचा नकाशा काढून घेतला तर केवढं छान होईल.

माणदेशी_बाई | १९ जून, रात्री ८.४०

आज्जी, अर्धा-पाव-पाऊण तिसरीतच आहे, आमच्या नियोजनात दिवाळीनंतर. पण भाकरी मोडताना, कलिंगड कापताना घरात हे शब्द कानावर पडत असतील तर आमचं निम्मं काम झालेलं असतं.

पालखीच्या नकाशाची कल्पना मी उचलली. दिशा शिकवताना मुलांना वर म्हणजे उत्तर एवढंच पाठ होतं, मग छताकडे बोट दाखवून उत्तर म्हणतात. म्हणून नकाशा आधी जमिनीवर काढायचा, वर्गाच्या खऱ्या उत्तरेला उत्तर ठेवून. आळंदीचा दगड एका कोपऱ्यात, पंढरपूरचा दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये खडूनं नीरा नदी. मुक्कामांची नावं पाटीवर लिहून पोरांनाच एकेका गावी उभं करायचं आणि विचारायचं, "तू फलटणला आहेस, लोणंद तुझ्या कुठल्या बाजूला?" त्यानंतर तोच नकाशा वहीच्या कोऱ्या पानावर उतरवायचा. दिशा, क्रम, अंतर, गावांची नावं लिहिणं, सगळं एका दमात होतं. आणि तुमच्या नातवासारखं एखादं पोर वर्गात असलं तर त्या दिवशी गुरुजी तेच.

झाडीपट्टी_सर | २० जून, सकाळी १०.१०

मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवतो. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा भरते, यंदा २३ जूनला. त्यामुळे तुमच्यापेक्षा आठवडाभर हातात कमी. बाईंनी परिसर अभ्यासाबद्दल लिहिलं ते अगदी खरं. आमच्या जिल्ह्यात ताडोबा आहे, कोळशाच्या खाणी आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, धान आहे. पाणी शिकवायला आम्ही मुलांना तलावाच्या पाळीवर घेऊन जातो.

आमची अडचण वेगळी. जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की घरची सगळी माणसं बांधीत, धानाच्या शेतात. लहान भावंडाला सांभाळायला तिसरीतली मुलगी घरी राहते. हातच्याची वजाबाकी नेमकी त्याच आठवड्यात निघून जाते आणि ती पोर पुढे वर्षभर चाचपडते. पालकांना माझी विनंती एवढीच की मुलीला धाकट्याला घेऊन का होईना, शाळेत पाठवा. आमच्या वर्गात दीड-दोन वर्षांची भावंडं येऊन बसतात, आम्ही काही म्हणत नाही. अंगणवाडीही शेजारीच आहे.

आणि एक सांगावंसं वाटतं. मुलं झाडीबोलीत बोलतात. पुस्तकातली भाषा तिसरीत एकदम जड होते, कारण आता विज्ञान-भूगोलाचे शब्द येतात. मी पहिले दोन महिने मुलाचं उत्तर त्याच्या बोलीत घेतो, फळ्यावर शेजारी पुस्तकातला शब्द लिहितो. घरच्या बोलीत उत्तर आलं म्हणून चूक दिली तर ते पोर पुन्हा हात वर करत नाही.

माणदेशी_बाई | २० जून, दुपारी १.४५

सर, शेवटच्या वाक्याला माझा शंभर टक्के दुजोरा. आमच्याकडेही माणदेशी बोलणारी मुलं दुसरीपर्यंत भडाभडा बोलतात आणि तिसरीत मुकी होतात. पालकांनी घरी 'शुद्ध बोल' म्हणून टोकू नये.

दातांची_डॉक्टर | २० जून, रात्री ९.३०

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात दातांचाही भाग आहे, त्यानिमित्तानं एक सांगते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते. पुन्हा येत नाही. तिसरीतल्या मुलाला आरशासमोर उभं करून सगळ्यांत मागची दाढ बघा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर या सत्रातच दाखवून घ्या, दुखायची वाट बघू नका.

माणदेशी_बाई | २१ जून, सकाळी ७.१५

डॉक्टर, हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे. दातांबरोबर डोळ्यांचंही सांगते. फळ्यावरचं उतरवताना जे मूल शेजाऱ्याच्या वहीत बघतं त्याला आपण कॉपी करतो म्हणून रागावतो. अनेकदा त्याला फळा दिसतच नसतो. पहिली-दुसरीत पुस्तक डोळ्यांजवळ असतं त्यामुळे कळत नाही, तिसरीत फळ्यावरचं काम वाढतं तेव्हा उघड होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि चष्मा लागला तर मुलीला तो घालू द्या. 'पुढे लग्नाला अडचण' हे आठ वर्षांच्या पोरीसमोर बोलणारी घरं मी पाहिली आहेत. ती पोर मग चष्मा दप्तरात लपवते आणि अभ्यासात मागे पडते.

बे_एरिया_मराठी | २१ जून, सकाळी ११.००

कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. इथल्या मराठी शाळेत मी रविवारी शिकवते. आमची मुलं वयानं तिसरीची असली तरी वाचनात मागे असतात. ई-बालभारतीवरून पुस्तकांच्या पीडीएफ मोफत उतरवून घेता येतात हे इतरांसाठी सांगते. बाई, जिल्ह्यांच्या पुस्तकांचं मला माहीतच नव्हतं. प्रत्येक मुलाला आजी-आजोबांच्या जिल्ह्याचं पुस्तक वाचायला दिलं तर?

माणदेशी_बाई | २१ जून, रात्री ८.००

नक्की द्या. आणि आठवड्याचा प्रश्न फोनवरून आजोबांनाच विचारायला लावा : "तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणायचा?" आमच्याकडे या एका प्रश्नावर गेल्या वेळी १९७२ चा दुष्काळ वर्गात आला. एका मुलीच्या पणजीनं सांगितलं की त्या साली खडी फोडायला जायचो, मजुरीबरोबर सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं. पोरीनं ते पाच वाक्यांत लिहून आणलं, 'सुकडी' शब्द तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं. त्या वहीचं पान मी अजून कुठलीही दुरुस्ती न करता जपून ठेवलंय.

कोथरूडची_आई | २२ जून, सकाळी १०.३०

परीक्षांचं कसं असतं? आणि इंग्रजी? माझ्या जावेच्या मुलीला इंग्रजी शाळेतून काढून यंदा मराठी शाळेत तिसरीला घातलंय. ती बोलते छान पण मराठी वाचता येत नाही.

माणदेशी_बाई | २२ जून, दुपारी ४.००

परीक्षेचं थोडक्यात : सुरुवातीला पायाभूत चाचणी, भाषा, गणित आणि इंग्रजीची. तिच्यात मागच्या इयत्तेचं किती येतं ते बघतात. तिच्यासाठी घोकंपट्टी करून घेतलीत तर आम्हाला खरं चित्र कळत नाही आणि तोटा मुलाचाच होतो. दिवाळीआधी पहिलं संकलित मूल्यमापन. तिसरीला आकारिक ६० आणि संकलित ४० असा भार असतो. म्हणजे वर्षभराचं बोलणं, वाचणं, करून बघणं, वहीतलं काम यांना लेखी पेपरापेक्षा जास्त वजन आहे. पेपराच्या आदल्या रात्री जागरण करण्यासारखं त्यात काही नाही.

जावेच्या मुलीबद्दल. अक्षरं येतात का ते आधी बघा. अक्षरं येत असतील आणि मात्रा-वेलांटीत अडत असेल तर दिवाळीपर्यंत ती बरोबरीला येईल, मी अशी मुलं पाहिली आहेत. तिला पहिलीचं पुस्तक देताना लाज वाटणार नाही असं बघा, म्हणजे 'तुझ्या धाकट्या भावाला वाचून दाखव' म्हणून द्या. तिला इंग्रजी येतं ही वर्गाची मिळकत आहे. आमच्या मुलांना इंग्रजी वाक्य कानावर पडायची फार गरज असते. बाईंना सांगा, इंग्रजी कविता तिला पुढे उभी करून म्हणायला लावा. ज्या वर्गात तिला काही येत नाही त्याच वर्गात ती काही शिकवतेही आहे, असं झालं की ती टिकेल.

कोरेगावकर | २२ जून, रात्री ९.१०

एक राहिलंच. आमच्या गावाच्या बाजूला साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर ऊसतोडणी सुरू झाली की बीडकडची कुटुंबं येतात, कोपी (झोपडी) मारून राहतात. त्यांची तिसरी-चौथीची पोरं उसाच्या फडातच दिसतात. शाळा अर्ध्या किलोमीटरवर. आमच्या मुलीनं गेल्या वर्षी विचारलं की ती शाळेत का येत नाहीत. यावर काही करता येतं का? मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे.

माणदेशी_बाई | २३ जून, सकाळी ६.३०

दादा, तुम्ही समितीवर आहात म्हणजे करता येईल, आणि खूप करता येईल. समितीत पंचाहत्तर टक्के पालकच असतात, तेव्हा ठराव तुम्हीच मांडा.

आमच्या भागातूनही काही घरं तोडणीला जातात, त्यामुळे दुसरी बाजू मी रोज बघते. त्या मुलांच्या हाती पहिलं सत्रच काय ते असतं. म्हणूनच मी गुणाकाराच्या आधी हातच्याची वजाबाकी आणि वाचन पक्कं करण्यावर एवढा जोर देते. हे दोन्ही घेऊन मूल गेलं तर परत आल्यावर वर्गात बसू शकतं.

जाणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं. त्यात मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे लिहिलेलं असतं. ते घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत थेट वर्गात बसता येतं. पालकांना ते माहीत नसतं किंवा कोपीत कुठेतरी भिजून जातं. मी यंदा प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्रक, पाठ्यपुस्तकं, पाटी आणि मुलाच्या हातची एक वही असं बांधून देणार आहे, आणि पत्रकाचा फोटो पालकांच्या फोनवर.

तुमच्या बाजूनं असं करा. टोळ्या येण्याआधी, सप्टेंबरच्या सभेत ठराव घ्या की पत्रक असो-नसो, फडावरचं मूल आलं की त्याच दिवशी वर्गात बसवायचं आणि दुपारच्या जेवणात त्याचं ताट धरायचं. शिक्षण हक्क कायद्यानं कागद नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मग टोळी आली की मुकादमाला भेटा. नुसत्या शिक्षकानं सांगितलं तर तो हो म्हणतो आणि विसरतो, गावातल्या माणसांनी सांगितलं तर मनावर घेतो. आणि सकाळी मुलांना आणायला कुणीतरी मोठं माणूस जायला हवं, कारण आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात. तुमची मुलगी तिसरीत आहे, तिच्याच वयाची पोरं येतील. पहिले दोन-तीन दिवस तिला बरोबर न्या.

कोरेगावकर | २३ जून, सकाळी ७.४०

सभा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लावतो. ठरावाचा मसुदा मला लिहून द्याल का? तालुक्यातल्या इतर गावांच्या समित्यांनाही पाठवतो.

माणदेशी_बाई | २३ जून, दुपारी १.२०

आज रात्री लिहून याच धाग्यावर टाकते. झाडीपट्टी सर, तुमच्याकडच्या रोवणीच्या दिवसांसाठी त्यात एक कलम घालायचं असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा.